करवंटीचा कोळसा आणि पिण्याचें पाणी



नारळ फोडला कीं पाणी पेल्यांत जातें, खोबरें खवून सारणांत किंवा आमटींत जातें आणि करवंटी केराच्या टोपलींत जाते. कोंकणांतील माणसें ती सहसा फेंकीत नाहींत. न्हाणीच्या चुलींत घालतात, आणि तिच्या कडक जाळावर हंडाभर पाणी बघतां बघतां तापतें. शहरांतील घरांत चूल राहिली नाहीं. तेव्हां करवंटीचा आणि आपला संबंध टोपलीपाशीं संपला, असें आपणांस वाटतें. वस्तुतः तो तेथें संपत नाहीं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी शुद्ध करण्याचें जें यंत्र टांगलेलें असतें, त्यांत काळ्या दाण्यांनीं भरलेली एक नळी असते. ते दाणे पुष्कळदां करवंटीपासूनच केलेले असतात. घराबाहेर गेलेली करवंटी अशी फिरून घरांत येते, आणि येते ती पाण्याची राखणदार होऊन.

तिची ही राखण कोठपर्यंत पुरी पडते आणि कोठें अपुरी पडते, हें सांगण्याचा आज माझा हेतु आहे. मी रसायनशास्त्रज्ञ नव्हें. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकी पत्करली आणि तींतच केंस पिकले. परंतु या विषयांत माझ्या हातून एक चूक झालेली आहे, आणि ती नुसती केलेली नव्हे तर अनेक वर्षें शिकविलेली चूक आहे. यास्तव तिची दुरुस्तीही चारचौघांत व्हावी, असें मला वाटतें.

शास्त्राच्या तासाला मी मुलांना तिवईवरच्या चार घागरींची गाळणी शिकवीत असें. सर्वांत वरच्या घागरींत गढूळ पाणी, तिच्या खालच्या घागरींत कोळसा, तिसरींत वाळू आणि तळाशीं स्वच्छ पाण्याची घागर. फळ्यावर आकृति काढून शेवटच्या घागरीखालीं मी ठळक अक्षरांत लिहीत असें : 'शुद्ध पाणी'. एका पावसाळ्यांत मीं घरींही ही उतरंड मांडली. पाणी असें नितळ निघे कीं, आल्यागेल्यास मी तें कौतुकानें दाखवीं. त्या पावसाळ्याच्या अखेरीस घरांतील दोन मुलांस कावीळ झाली. डॉक्टरांनीं विचारलें, "पाणी कोणतें पितां?" मीं अभिमानानें गाळणीकडे बोट दाखविलें. ते म्हणाले, "मास्तर, हें पाणी उकळतां ना?" मी म्हणालों, "गाळल्यावर आणखी उकळायचें कशाला?" यावर ते कांहीं बोलले नाहींत. औषधाच्या कागदावर त्यांनीं पहिली ओळ लिहिली ती हीच, कीं पाणी उकळून प्यावें. मुलें यथावकाश बरीं झालीं. परंतु ज्यांच्या वह्यांत 'शुद्ध पाणी' हे दोन शब्द मीं उतरवून घेतले होते, त्यांच्या घरीं जाऊन कोण सांगणार? त्या दिवसापासून मी कोळशाविषयीं वाचूं लागलों. त्या वाचनाचें सार आज आपणांपुढें ठेवितों.

कोळसा वास आणि रंग हरण करतो, ही माहिती जुनी आहे. अठराव्या शतकांत स्वीडनमधील शील या रसायनशास्त्रज्ञानें कोळसा वायु धरून ठेवतो, हें दाखविलें. १७८५ सालीं रशियांत लोविट्झ यास असें आढळलें कीं, मळकट झालेलें द्रावण कोळशाच्या पुडीबरोबर ढवळून गाळलें असतां त्याचा रंग जातो. पुढें युरोपांतील साखर-कारखान्यांत रस उजळ करण्यासाठीं कोळसा, विशेषतः हाडांचा कोळसा, वापरूं लागले. तथापि साध्या कोळशाची शक्ति बेताचीच. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रेइको नांवाच्या संशोधकानें ती वाढविण्याच्या दोन रीतींचीं पेटंटें घेतलीं. धगधगीत कोळशावर वाफ किंवा कार्बन डायॉक्साइड वायु सोडावयाचा, ही एक रीति. कच्च्या मालांत धातूचा क्षार मिसळून मग तो भाजावयाचा, ही दुसरी. अशा रीतीनें सिद्ध केलेल्या कोळशास सक्रिय कोळसा म्हणतात, आणि आजही जगांतील कारखाने मुख्यतः याच दोन वाटांनीं जातात.

या शोधाची खरी निकड भासली ती पहिल्या महायुद्धांत. २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र येथें जर्मन सैन्यानें क्लोरिन वायूचा लोट शत्रूच्या खंदकांवर सोडला. विषारी वायूपासून बचाव करील असा मुखवटा हवा होता. त्याच वर्षीं रशियांत झेलिन्स्की या रसायनशास्त्रज्ञानें सक्रिय कोळसा भरलेला मुखवटा तयार केला. अशा मुखवट्यास कोळसा लागे तो कठीण आणि अतिसूक्ष्म छिद्रांचा; तसा तो करवंटीपासून आणि फळांच्या टणक कोयींपासून उत्तम होतो, असें प्रयोगांतीं दिसून आलें. १९१८ सालीं अमेरिकेंत करवंट्या, पीचच्या कोयी आणि अक्रोडाचीं कवचें घरोघर जमविण्याची मोहीमच निघाली. एऱ्हवीं केरांत जाणारी वस्तु अशी सैनिकाच्या श्वासाच्या वाटेवर पहारा करावयास जाऊन बसली.

आतां हा पहारा कोळसा करतो तरी कसा? स्पंज पाणी पितो, त्यास आपण शोषण म्हणतों. तेथें पाणी स्पंजाच्या पोटांत शिरतें आणि पिळलें कीं बाहेर येतें. कोळशाचा व्यवहार निराळा. गुळाच्या ढेपेवर माश्या बसतात त्या गुळाच्या आंत शिरत नाहींत. पृष्ठभागाला चिकटून राहतात. कोळशाच्या पृष्ठभागावर परक्या पदार्थाचे रेणु तसेच चिकटून राहतात. यास शास्त्रांत अधिशोषण अशी संज्ञा आहे. अर्थात् बसावयास जागा जितकी अधिक, तितके रेणु अधिक धरले जाणार.

ती जागा किती असते, तें ऐकून आपणांस नवल वाटेल. करवंटीच्या चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमच्या अंगांत सुमारें १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. आपल्याकडील मोजणींत एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. म्हणजे चिमूटभर कोळशांत जवळजवळ १० गुंठे जमीन झाली. चार ग्रॅम घेतले कीं एक एकर शेत चमच्यांत मावलें! ही सगळी जागा बाहेरच्या अंगावर नसते. दाण्याच्या आंत भुयारें, त्यांस फांटे, फांट्यांस पुन्हां उपफांटे अशी रचना असते, आणि त्यांच्या भिंतींवर ही जमीन पसरलेली असते. यांतील अगदीं सूक्ष्म छिद्रें दोन नॅनोमीटरहून अरुंद असतात. दोन नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा पांच लाखावा भाग. ही मोजमापें कृपा करून ध्यानांत ठेवावीं. माझ्या गाळणीचा न्यायनिवाडा पुढें यांवरूनच व्हावयाचा आहे.

अशीं भुयारें खणावयाचीं कशीं? कामाच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी कोळसा करण्याची, दुसरी तो जागा करण्याची.

पहिल्या पायरीस काथ्या काढलेली, चांगली वाळलेली करवंटी घेतात. उघड्यावर पेटविली तर तिची राख होईल. म्हणून बंद भट्टींत, वारा अगदीं बेताचा ठेवून, ४०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत ती भाजतात. तिच्यांतील ओल, डांबरासारखा चिकट पदार्थ आणि जळाऊ वायु निघून जातात आणि मुख्यतः कार्बन मागें राहतो. साधारण हिशेब असा कीं, १० मण करवंटीचा ३ मण कोळसा होतो. नीट बांधलेल्या भट्टींत बाहेर पडणारे वायु जाळून त्यांचीच उष्णता कामास लावतात. जमिनींत खड्डा खणून केलेल्या भट्टींत मात्र तोच धूर मजुरांच्या छातींत आणि शेजारच्या वस्तींत शिरतो. शेतांतील कचरा जाळून धूर होतो म्हणून त्याचा कोळसा करावा, असें आपण म्हणतों, तेव्हां कोळसा करतांनाही धूर होतो, ही गोष्ट विसरतां कामा नये.

दुसऱ्या पायरीस हा कोळसा ८०० ते १००० अंशांपर्यंत तापवून त्यावर पाण्याची वाफ सोडतात. त्या तापमानास वाफेंतील प्राणवायु कोळशांतील कार्बनशीं संयोग पावतो. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे दोन वायु होऊन निघून जातात. म्हणजे वाफ येथें कोळसा खाते. तुंबलेलीं छिद्रें मोकळीं होतात, आणि त्यांच्या भिंतींतून नवीं छिद्रें फुटतात. वेरूळचें कैलास लेणें जसें दगड काढून टाकीत टाकीत घडलें, तसेंच हें. जें उरतें त्याची थोरवी जें काढून टाकलें त्यांत आहे. येथेंही कारागिरास थांबावें कोठें हें कळावें लागतें. वाफ थोडा वेळ सोडली तर भुयारें अपुरीं राहतात. फार वेळ सोडली तर भिंती ढासळून कोळशाचा भुगा होतो. ही पायरी नीट उतरली म्हणजे ३ मण कोळशाचा सुमारें १ मण सक्रिय कोळसा हातीं येतो. दहाचे तीन आणि तिनांचा एक; महाग कां, तें यावरून ध्यानांत येईल.

माझ्या घागरींतील कोळसा बाजारांतला साधा, लांकडाचा. त्याची पहिली पायरी झाली होती. दुसरीचा पत्ताच नव्हता. नांव सारखें असलें तरी झोपलेला कोळसा आणि जागा कोळसा यांत एवढें अंतर आहे. हें ऐकून कोणी घरीं करवंट्या भाजून सक्रिय कोळसा करूं जाईल, तर त्यास माझें हात जोडून सांगणें आहे कीं, तसें करूं नये. एक तर ती उष्णता घरच्या शेगडीस साधत नाहीं. आणि दुसरें, या क्रियेंत निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि बंद खोलींत तो माणसाचा प्राण घेतो.

ऑस्ट्रेइकोची दुसरी वाट रसायनांची आहे. लांकडाचा भुसा फॉस्फोरिक ॲसिडांत किंवा झिंक क्लोराइडांत भिजवून ४०० ते ६०० अंशांच्या आसपास भाजतात आणि मग धुऊन घेतात. यास उष्णता कमी लागते, आणि छिद्रें बरींच रुंद पडतात. त्यामुळें रंगाचे मोठे रेणु धरण्यास हा कोळसा सोयीचा. परंतु धुतलेल्या पाण्याबरोबर जाणाऱ्या रसायनांची नीट वाट लावावी लागते. नाहीं तर एका ठिकाणचें पाणी शुद्ध करण्यासाठीं दुसऱ्या ठिकाणचें नासविल्यासारखें होतें.

येथें असा प्रश्न येतो कीं, करवंटीच कां? आपल्या देशांत तूस, भुसा, पऱ्हाट्या, तुराट्या, चिपाडें यांचे ढीगच्या ढीग पडतात. त्यांचा कोळसा कां करूं नये? करतां येतो. भुईमुगाच्या टरफलांपासून आंब्याच्या कोयीपर्यंत बहुतेक सर्व वस्तूंचा सक्रिय कोळसा प्रयोगशाळांतून झालेला आहे. परंतु प्रयोगशाळेची मूठ आणि कारखान्याची गाडी यांत फरक असतो. करवंटी दाट व टणक असते, आणि जळाल्यावर तिची राख शंभरांत एकाहूनही कमी उरते. त्यामुळें तिचा दाणा पाण्याच्या धारेखालीं फुटत नाहीं. म्हणूनच खनिज दळून काढलेल्या सोन्याचें द्रावण धरून ठेवण्यासाठीं सोन्याच्या कारखान्यांतही करवंटीचाच कोळसा वापरतात. उलट भाताच्या तुसांत शंभरीं पंधरा ते वीस भाग राख, आणि ती बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य. ती काढून टाकण्याचा खर्च वेगळा. उसाचीं चिपाडें साखर-कारखाने स्वतःच्याच भट्टींत जाळून वाफ आणि वीज करतात. तेव्हां त्यांस टाकाऊ म्हणणें बरोबर नाहीं. ज्वारीचा कडबा तर गुरांचा घांस आहे. वऱ्हाडांतील पऱ्हाट्या लांकडासारख्या असल्यानें त्यांचा कोळसा होण्याजोगा आहे. पण त्या गांवोगांवच्या शिवारांत विखुरलेल्या, हलक्या आणि अडमाप. गोळा करून भट्टीपर्यंत नेण्याचें गाडीभाडें कोण देणार, याचें उत्तर आधीं मिळालें पाहिजे. शेतांत फुकट पडलेली वस्तु भट्टीच्या दारांत फुकट राहत नाहीं.

आतां आपल्या स्वयंपाकघरांत परत येऊं. नळाच्या पाण्यांतील क्लोरिनचा वास, कुजक्या पानांचा दर्प, पिवळट रंग, शेतांतून वाहून आलेल्या कीटकनाशकांपैकीं कित्येक, आणि क्लोरिनमुळें पाण्यांत तयार होणारे कांहीं अपायकारक पदार्थ, एवढे सारे सक्रिय कोळसा धरतो. हें काम लहान नव्हे. परंतु पाण्यांत विरघळलेले क्षार त्याच्या हातीं लागत नाहींत. विहिरीचें जड पाणी कोळशांतून गाळल्यानें हलकें होत नाहीं, खारें पाणी गोड होत नाहीं.

आणि रोगजंतु? येथें तीं मघांचीं मोजमापें आठवावीं. सूक्ष्म छिद्राची रुंदी दोन नॅनोमीटरहून कमी. सामान्य रोगजंतु सुमारें १००० नॅनोमीटर लांबीचा, म्हणजे छिद्राच्या पांचशेंपट. पाण्यांतून होणाऱ्या काविळीचा एक प्रमुख विषाणु पुष्कळच लहान, सुमारें ३० नॅनोमीटरचा, तरीही पंधरापट. उंदराच्या बिळांत बैल शिरावयाचा कसा? भुयारें त्यांस उपयोगाचीं नाहींत. उलट दाण्यादाण्यांमधील ज्या वाटांनीं पाणी वाहतें, त्या वाटा त्यांस राजरस्त्यासारख्या मोकळ्या असतात. त्यांतून ते सुखानें पलीकडे जातात. इतकेंच नव्हे, तर कोळसा पाण्यांतील क्लोरिन काढून घेतो, म्हणजे जंतूंवरील पहारेकऱ्यासच घरीं पाठवितो. आणि जंतूंचें खाद्य मात्र आपल्या अंगावर सांठवितो. अशा ओल्या कोळशावर जंतूंची वस्ती वाढते. माझ्या नितळ पाण्याची ही खरी हकीकत आहे. त्याचा गढूळपणा वाळूनें काढला, वास थोडाफार कोळशानें काढला, आणि रोग होता तेथेंच राहिला.

पूर्वीच्या गांवगाड्यांत सुताराचें काम लोहार करीत नसे. पाण्याचेंही तसेंच आहे. गाळ बसविणें हें निवळीच्या बीचें किंवा तुरटीचें काम; तरंगता कचरा अडविणें हें फडक्याचें आणि वाळूचें; वास, रंग आणि कित्येक विषारी द्रव्यें धरणें हें सक्रिय कोळशाचें; आणि जंतु मारणें हें उकळीचें, क्लोरिनचें किंवा अतिनील किरणांचें. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ती निदान एक मिनिट तशीच चालूं द्यावी. घरच्या यंत्रांत कोळशाच्या नळीपुढें किरणांचा दिवा किंवा अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा बसविलेला असतो, तो याचसाठीं. नुसत्या कोळशाचें यंत्र असेल तर जंतूंचा बंदोबस्त वेगळा केला पाहिजे.

दुसरी गोष्ट. दहा गुंठे झाले तरी तें शेत कधींतरी भरतेंच. सर्व जागा व्यापली गेली कीं कोळसा नवें कांहीं धरीत नाहीं, आणि गंमत अशी कीं दिसावयास तो पहिल्यासारखाच काळा राहतो. म्हणून नळी ठराविक मुदतींत बदलावी. ती उन्हांत वाळवून किंवा उकळत्या पाण्यांत घालून पुन्हां नवी होते, ही समजूत चुकीची आहे. कारखान्यांत कोळसा पुन्हां जागा करावयाचा तर त्यास सुमारें ८०० अंशांची भट्टी लागते. तिसरी गोष्ट. विषबाधा झालेल्या रोग्यास रुग्णालयांत कधीं कधीं सक्रिय कोळशाची पूड पाण्यांतून पाजतात, आणि ती पोटांतील कित्येक विषें धरते. परंतु तीव्र ॲसिड, दाहक क्षार, मद्यार्क आणि लोह यांवर तिचा इलाज चालत नाहीं. तेव्हां तें डॉक्टरांचें शस्त्र डॉक्टरांच्याच हातीं असूं द्यावें. प्रकृतीस बरा म्हणून रोज कोळसा खाणाऱ्यांनीं हेंही लक्षांत घ्यावें कीं, तो नित्याचें औषधही तसेंच धरून ठेवूं शकतो.

ज्यांच्या घरीं शाळेंत जाणारीं मुलें आहेत, त्यांनीं एक प्रयोग अवश्य करावा. दोन पेल्यांत पाणी घेऊन प्रत्येकांत फाउंटनपेनच्या निळ्या शाईचा एकेक थेंब टाकावा. एका पेल्यांत साध्या कोळशाची वस्त्रगाळ पूड चमचाभर घालावी, दुसऱ्यांत तितकीच सक्रिय कोळशाची. दोन्ही पाणी पांच-दहा मिनिटें ढवळून टीपकागदांतून गाळावें. पहिल्यांत निळी छटा बहुधा राहील. दुसऱ्यांतून शाईचा रंग गेलेला दिसेल. मुलें टाळ्या वाजवतील. नेमक्या त्याच वेळीं त्यांस विचारावें : "मग हें पाणी आतां प्यावें कां?" ज्या मुलाकडून 'नाहीं' असें उत्तर येईल आणि कां नाहीं हेंही येईल, त्यास हा विषय समजला असें खुशाल मानावें. मीं मुलांना टाळ्यांपर्यंत आणून सोडलें. पुढचा प्रश्न विचारावयाचा मात्र राहून गेला.

माझे जुने विद्यार्थी आज कर्ते झाले आहेत, मुलाबाळांचे धनी झाले आहेत. त्यांपैकीं कोणाच्या कानीं हे शब्द पडत असतील, तर माझी त्यांस एवढीच विनंति कीं, मनांतील त्या जुन्या वहींत शेवटच्या घागरीखालचे दोन शब्द खोडावे आणि त्यांच्या जागीं लिहावें : 'नितळ पाणी, उकळून प्यावें.' करवंटीस तिचा मान द्यावा, पण तिच्या ताकदीबाहेरचें काम तिच्यावर सोंपवूं नये. गुण या सदराखालीं मला एक कमी पडला तरी चालेल. दुरुस्ती मात्र सर्वांनीं करावी.